हद्दीलगतचं जुनं घर : भिंत शाबूत, वळचण उघडी

प्रश्न : आमचं घर साधारण नव्वद वर्षांचं आहे. जाड विटांच्या भिंती, लाकडी तुळया, लाकडी मजला, वर कौलं. डावीकडची भिंत हद्दीपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर आहे. आता घराचं काम काढलंय. त्या बाजूच्या खोलीत उजेड नाही म्हणून मोठी खिडकी पाडायची आहे, छप्पर उतरवून पुन्हा चढवायचं आहे, वायरिंग सगळी नवी आणि न्हाणीघराचे पाइप त्याच भिंतीतून बाहेर न्यायचे आहेत. कंत्राटदार म्हणतो, घर जुनं असल्यामुळे आगीचे नवे नियम लागत नाहीत, आणि भिंत इतकी जाड आहे की काळजीचं कारणच नाही. हे खरं का?

उत्तर : भिंतीबद्दल तो निम्मा बरोबर आहे. नियमाबद्दल मात्र चूक आहे.

आधी नियम. जुनं घर जसं उभं आहे तसं राहू देण्याची मुभा बहुतेक ठिकाणचे कायदे देतात. पण ज्या भागाला तुम्ही हात लावता, तो भाग आजच्या नियमाने तपासला जातो आणि कामानंतर घर आधीपेक्षा कमी सुरक्षित झालेलं चालत नाही. न्यूझीलंडच्या २००४च्या बांधकाम कायद्यात हे फार स्वच्छ मांडलं आहे : फेरबदलानंतर आगीतून बाहेर पडण्याच्या वाटा शक्य तितक्या आजच्या नियमाजवळ आणा, आणि बाकी बाबतीत इमारत निदान पूर्वीइतकी तरी नियमात बसली पाहिजे. तुम्ही आज भक्कम असलेल्या भिंतीला भोक पाडणार आहात. म्हणजे घर आधीपेक्षा कमी सुरक्षित होणार, आणि ‘जुनं आहे’ ही सबब तिथेच संपते.

अंतराचे आकडे देशागणिक बदलतात. इंग्लंडमध्ये हद्दीपासून १ मीटरच्या आतली भिंत ही विशेष भिंत मानतात. तिने आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या आगीला तोंड द्यायला हवं, आणि तिच्यात अगदी लहान उघड्या जागाच चालतात. ऑस्ट्रेलियात घरांसाठी ही रेषा ९०० मिलिमीटरवर आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या घरबांधणी संहितेत, पाण्याची फवारणी यंत्रणा नसलेल्या घराची भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या आत असेल तर ती एक तास आग अडवणारी लागते, आणि ३ फुटांच्या आत असेल तर तिच्यात खिडकीच चालत नाही. तुमचे ६० सेंटिमीटर या तिन्ही रेषांच्या आत येतात. तुमच्या गावचा नेमका आकडा नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी घेऊ नका. आणि तो हातात येईपर्यंत खिडकीच्या चौकटीची ऑर्डर देऊ नका.

पुष्कळ वाचक विचारतात, शेजारच्या घराची भिंत तर आणखी चार मीटरवर आहे, मग अंतर हद्दीपर्यंतच का मोजायचं? कारण शेजारी उद्या त्याच्या बाजूने बांधू शकतो आणि त्याला अडवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मी घरमालकांना सांगते, हद्दीवर एक मोठा आरसा उभा आहे असं समजा. तुमच्या घराचं जे प्रतिबिंब दिसेल, ते शेजाऱ्याचं उद्याचं घर. तुमच्या खिडकीतली आग त्या प्रतिबिंबाला पेटवेल का, एवढंच तपासायचं असतं.

पेटवण्यासाठी ज्वाळेने शिवावंच लागतं असं नाही. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट उष्णता देतं. १२.५ किलोवॅट पडत राहिली, की तापलेल्या लाकडातून निघणारा वायू एका ठिणगीने पेट घेतो. मार्गारेट लॉ या ब्रिटिश अग्निसंशोधिकेने १९६३ साली याच आकड्याच्या आधारे इमारतींमधली अंतरं मांडली, आणि आजही अनेक देशांचे तक्ते त्याच पायावर उभे आहेत. म्हणून नियम नेहमी दोन गोष्टी एकत्र मोजतो : उघडी जागा किती आणि हद्द किती दूर. खोली पेटली की ती खिडकी म्हणजे भट्टीचं तोंड. ६० सेंटिमीटरवर भट्टीचं मोठं तोंड ठेवायचं नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे.

आता तुमची जाड भिंत. गिलावा शाबूत, सांधे भरलेले आणि आरपार भोक नसलेली नऊ इंची विटांची भिंत दोन तास आग सहज अडवते. त्यासाठी कुठलाही महागडा लेप लागत नाही. माझी चिंता भिंत जिथे संपते तिथे सुरू होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, कारण तिने माझी काम करण्याची पद्धत बदलली. अशाच एका हद्दीलगतच्या जुन्या घराचं काम मी केलं होतं. भिंत मी स्वतः हात फिरवून तपासली होती, एकेक सांधा भरून घेतला होता. दोन वर्षांनी शेजारच्या घरात रात्री आग लागली. मी काम केलेल्या घरातल्या बाईंनी उठून त्या भिंतीला तळहात लावला, तर भिंत गार. त्या निर्धास्त झाल्या. भिंत गार होती हे खरंच होतं. पण आमची भिंत छताच्या पातळीवर संपत होती. तिच्या वर वळचणीत, वाशांच्या मध्ये, वीतभर मोकळ्या फटी होत्या. मी नवं लाकडी छत ठोकून त्या झाकल्या होत्या, बंद केल्या नव्हत्या. शेजारची आग त्या फटींतून पोटमाळ्यात शिरली आणि बाईंचा हात गार भिंतीवर असताना त्यांच्या डोक्यावरचं छप्पर जळत होतं. कुत्रा भुंकत राहिला म्हणून सगळी माणसं वेळेत बाहेर पडली. छप्पर गेलं.

पाणी आढ्यावरून वळचणीला येतं. आग उलट जाते, वळचणीतून आढ्याला. हे सूत्र मी तेव्हापासून प्रत्येक सुताराला सांगते.

म्हणून तुम्ही छप्पर उतरवणार आहात ही तुमच्या यादीतली सगळ्यात चांगली बातमी आहे. कौलं खाली असतानाच हद्दीकडची भिंत विटांनी उचलून कौलांच्या पाठीपर्यंत घट्ट भिडवून घ्या. परवानगी असेल तर ती कौलांच्याही वर न्या. लंडन १६६६ साली चार दिवस जळलं, १३,२०० घरं गेली. पुढच्याच वर्षी तिथे घरं विटांची किंवा दगडाची बांधण्याचा कायदा आला. पण फक्त विटा पुरत नाहीत हे कळायला आणखी वेळ लागला. १७०७च्या कायद्याने दोन घरांमधली भिंत छपराच्या वर दीड फूट न्यायला सांगितलं आणि लाकडी वळचणी बंद केल्या, तर १७०९च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत घ्यायला लावली. तीनशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी आगीच्या वाटा किती नेमक्या ओळखल्या होत्या! आपण मात्र आजही भिंतीची जाडी मोजून समाधान मानतो.

रिपा आणि वासे भिंतीवरून हद्दीच्या दिशेने बाहेर काढू नका, त्यांना भिंतीच्या आतच थांबवा. भिंत आणि कौल यांच्यामध्ये जी वेडीवाकडी पोकळी उरते, तिच्यात रॉकवूल दाबून भरा. दगडापासून काढलेली ती लोकर हजार अंश सेल्सिअसलाही वितळत नाही. काचलोकर दिसायला तशीच असते, पण त्याच्या कितीतरी आधी वितळून गळून पडते. दुकानदार दोन्हींना ‘वूल’च म्हणतो, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचून घ्या.

पाइपांचं म्हणाल, तर शक्य असेल तर ते दुसऱ्या भिंतीतून न्या. पीव्हीसीचा पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ होतो. आगीत तो वितळला की भिंतीत चार इंचांचं गोल भोक उरतं आणि तुमच्या नऊ इंची भिंतीला काही अर्थ राहत नाही. न्यायचाच असेल तर पाइपभोवती उष्णतेने फुगणारा कॉलर बसवा. पाइप मऊ होऊ लागला की कॉलर आतल्या दिशेने फुगतो आणि भोक चिमटून बंद करतो. वायरींच्या भोवती फुगणारा अग्निरोधक सीलंट भरा. डब्यातून फवारायचा पिवळा फोम वापरू नका, तो स्वतः जळतो. गवंड्याला तो सोयीचा असतो, कारण भोक तत्काळ भरलेलं दिसतं. मी माझ्या कामांवर तो डबा हद्दीच्या भिंतीजवळ येऊच देत नाही.

आणि तुळयांची टोकं बघा. भिंत दोन्ही घरांची सामाईक असेल, तर तुमची तुळई एका बाजूने आणि शेजाऱ्याची दुसऱ्या बाजूने तिच्यात घुसलेली असते. कित्येकदा एकाच उंचीवर, टोकाला टोक लागून. बाहेरून काही कळत नाही. तुमची भिंत एकट्याची आहे, पण पूर्वी कधी पलीकडे एखादी पडवी टेकलेली असेल तर जुन्या खोबणी तपासा. दोन लाकडांच्या मध्ये किंवा लाकूड आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये निदान चार इंच भरीव वीटकाम हवं.

उजेडाचा प्रश्न राहिला. ही खोली अंधारी राहावी असं मला मुळीच वाटत नाही. छप्पर उघडतंच आहे, तर हद्दीपासून दूरच्या उतारावर काचेचा झरोका द्या. वरून येणारा उजेड भिंतीतल्या खिडकीपेक्षा जास्त आत पोचतो. भिंतीतच हवी असेल, तर नियम मान्य करील तेवढ्याच आकाराची, न उघडणारी आणि अग्निरोधाची चाचणी झालेली काच, तीही त्याच चाचणीतल्या चौकटीसकट. ‘टफन्ड’ काच म्हणजे अग्निरोधक काच नव्हे. ती आपटली तर सहज फुटत नाही आणि फुटली तर बारीक दाणे होतात, एवढाच तिचा गुण. आगीत ती टिकत नाही. जाळीची काच तडकूनही जागेवर राहते, धूर-ज्वाळा काही काळ अडवते, पण उष्णता आरपार जाऊ देते. लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या साध्या चौकटीत उत्तम काच बसवणं व्यर्थ आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पेटलेली खोली त्याहून बरीच जास्त तापते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. त्या खोलीत कुणी झोपत असेल आणि हद्दीकडची खिडकी न उघडणारी केली, तर जिन्याला आग लागल्यावर ते माणूस बाहेर कुठून पडणार? दुसऱ्या भिंतीला उघडणारी खिडकी ठेवा. इंग्लंडच्या नियमात अशा खिडकीची मोकळी जागा निदान ०.३३ चौरस मीटर आणि रुंदी-उंची कुठेही ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको असं आहे. मी ती मापं सगळीकडे किमान मानते. जमिनीवर कागद ठेवून ४५० मिलिमीटर आखून पाहा, म्हणजे घरातल्या सगळ्यात जाड माणसाला ते किती अरुंद आहे हे लक्षात येईल.

प्रश्न : हद्दीलगतच्या आमच्या भिंतीला बाहेरून फोमचे पॅनेल लावले तर घर थंड राहील असं सांगितलं जातं. भिंत पक्कीच आहे, वरून लावायला काय हरकत?

उत्तर : लावू नका. भिंत पक्की असली तरी तिच्या अंगावर तुम्ही सरपण बांधताय. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. त्या इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा पक्काच होता. नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या पॅनेलांच्या पोटात पॉलिएथिलीन हे प्लास्टिक होतं, मागे फोम होता आणि मध्ये हवेची पोकळी होती. आग त्या पोकळीतून धुरांड्यासारखी वर चढली. घर दोन मजली असलं तरी पोकळीचं काम तेच. थंडावा हवा असेल तर त्या भिंतीवर रॉकवूलच्या पाट्या लावून चुना-सिमेंटचा गिलावा करा, किंवा छपराखाली उष्णतारोध करा. घर तापतं ते बहुतेक वेळा वरून.

प्रश्न : लाकडी तुळया काढून लोखंडी टाकल्या तर आगीच्या दृष्टीने चांगलं ना? लाकूड जळतं, लोखंड जळत नाही.

उत्तर : हा गैरसमज इतका पसरलाय की दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी चांगली तुळई त्यापायी वखारीत जाते, आणि मला खरोखर वाईट वाटतं.

जाड लाकूड आगीत बाहेरून कोळसा होत जातं, साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर. तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून जपतो. आठ इंची तुळईच्या प्रत्येक उघड्या बाजूचे, अर्ध्या तासात, दीड ते सव्वादोन सेंटिमीटर जातात. गाभा उरतो आणि भार पेलतो. उघडं लोखंड ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, आणि पेटलेल्या खोलीत तेवढं तापमान काही मिनिटांत येतं.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती लांबी. पाच मीटरची लोखंडी तुळई पाचशे अंशांनी तापली की साधारण तीन सेंटिमीटर लांबते. तिचं एक टोक हद्दीच्या भिंतीत घट्ट बसवलेलं असेल, तर ती भिंतीला शेजाऱ्याच्या बाजूला ढकलते. जी भिंत त्याला वाचवणार होती तीच त्याच्या अंगणात कोसळते. लोखंड टाकावंच लागलं तर अभियंत्याकडून टोकाला सरकायला जागा आणि तुळईभोवती जिप्सम बोर्डचं वेष्टन, दोन्ही मागून घ्या. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेलं पाणी असतं. ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचं लोखंड फारसं तापत नाही.

प्रश्न : काम चालू असताना काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : लागते, आणि इथे मी थोडी कडक होते. घराला सर्वांत मोठा धोका राहायला गेल्यावर नसतो, कामाच्या त्या चार महिन्यांत असतो. छत उघडं, भुसा पडलेला, दारं काढलेली, पोकळ्या मोकळ्या. ग्लासगोच्या कलाविद्यालयाची जुनी इमारत मे २०१४मध्ये पेटली. फोमच्या डब्यातला ज्वलनशील वायू प्रोजेक्टरच्या तापलेल्या भागापाशी पोचला, आणि पुढे जुन्या हवेच्या नळ्यांतून आग वर पसरली. तिचं पुनरुज्जीवन चालू असतानाच जून २०१८मध्ये ती पुन्हा, आधीपेक्षा कितीतरी जास्त जळाली.

वेल्डिंग, कटर आणि रंग जाळून काढण्याचा बर्नर यांचं काम दुपारी लवकर बंद करायला सांगा. त्यानंतर निदान एक तास एक माणूस पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडं घेऊन तिथेच बसला पाहिजे, आणि त्याला दुसरं काम द्यायचं नाही. ठिणगी लाकडाच्या सांध्यात शिरली की तासभर न दिसता धुमसते. रंग जाळण्यापेक्षा खरवडून काढा. जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि चिंध्यांच्या गोळ्यात ती कोंडली की कुणी काडी न लावता चिंध्या पेट घेतात. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाही तर झाकण असलेल्या, पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. सुतार मनावर घेत नसेल तर डबा स्वतः नेऊन ठेवा.

धूर ओळखणारा अलार्म कामाच्या पहिल्या दिवसापासून जिन्यात हवा. धुळीने तो उगाच वाजेल, तर काम चालू असताना त्यावर टोपी घाला आणि संध्याकाळी काढा. ही टोपी काढायची जबाबदारी एका ठरावीक माणसाची असू द्या.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्याने हद्दीला लागून लाकडाचे ओंडके आणि जुनं फर्निचर रचून ठेवलंय. आम्ही आमची भिंत सगळी नीट करतोय, पण त्याला कसं सांगायचं?

उत्तर : तक्रार घेऊन जाऊ नका, तुमचा नकाशा घेऊन जा. ‘मी माझी भिंत तुमच्याकडून येणाऱ्या आगीसाठी करतोय, तशीच माझ्याकडून तुमच्याकडे जाणाऱ्या आगीसाठीही करतोय’ असं म्हणा, कारण ते खरं आहे. मग ओंडके एक-दीड मीटर मागे घ्यायला सांगा. माझ्या अनुभवात असं सांगितल्यावर बहुतेक लोक ऐकतात. नाही ऐकलं तर तुमच्या भिंतीत त्या जागी काहीही उघडं ठेवू नका, आणि वळचण आधी बंद करून घ्या.

आणखी एक काम लगेच करा. भिंतीचा वरचा भाग, भरलेल्या फटी, पाइपांचे कॉलर, तुळयांची टोकं, हे सगळं छत ठोकण्याआधी उघडं असतानाच मोजपट्टी शेजारी धरून त्याचे फोटो काढा. एकदा फळ्या लागल्या की आत काय आहे ते तुम्हालाही आठवणार नाही. एक संच परवानगीच्या कागदांत ठेवा आणि दुसरा शेजाऱ्याला द्या, पुढे त्याने त्याच्या बाजूने बांधायला काढलं की त्याच्या गवंड्याला तो लागेल.